वश्याचं जंगल, अण्णांचा डोंगर

कॅनडाहून परत आल्यापासून जो भेटेल तो पहिला प्रश्न नायगाराचा विचारतो. पाहिला बाई नायगारा! निळ्या प्लॅस्टिकचा झगा घालून, बोटीत बसून, चिंब भिजून पाहिला. पाणी वरून खाली पडतं. वरंधा घाटात जुलैमध्ये पडतं त्याहून पुष्कळच जास्त पडतं, एवढं मी प्रामाणिकपणे कबूल करते. त्याहून अधिक लिहायला मला सांगू नका. फोटो सगळ्यांकडे आहेत.

मला सांगायचंय ते माझ्या धाकट्या भावाच्या जंगलाबद्दल, आणि सांगताना माझा आवाज चढणार आहे. भोरला शाळेत जन्मभर भूगोल शिकवलाय. आवाज चढला तर तो चढलेलाच बरा, दाबून ठेवला की डोकं दुखतं.

जंगल नेमकं कुठल्या गावाजवळ आहे ते लिहिणार नाही. वश्याने तशी शपथ घातली आहे. त्या शपथेचाही मला रागच आहे, पण भावाची शपथ, मोडता येत नाही.

मार्कहॅम

वश्या म्हणजे वसंत. गेली वीस वर्षं टोरोंटोजवळ मार्कहॅमला सॉफ्टवेअरमध्ये आहे. बायको नीलिमा बँकेत. मुलगी किचनर नावाच्या शहरात शिकायला. घर मोठं, खाली बेसमेंट, बेसमेंटमध्ये दुसरा फ्रिज आणि त्यात दिवाळीच्या करंज्या. ग्रोसरीला गेलो तर कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, अळूची पानं सगळं हजर. मी भोरहून पुडीत बांधून नेलेला कढीपत्ता विमानतळावर काढून घेतला होता, त्याचं दुःख तिथे जरा कमी झालं.

नीलिमाचं आणि माझं बरं जमतं. ती मला ताई म्हणते. रागावली की मात्र ‘वन्सं’ म्हणते, तेव्हा समजायचं की आपली काहीतरी हद्द झाली.

घराच्या पुढे हिरवळ. ती दर आठवड्याला कापायची. त्यात पिवळी रानफुलं उगवली तर शेजारीण नाक मुरडते म्हणून वश्या गुडघ्यांवर बसून ती फुलं मुळासकट उपटत होता. मी म्हटलं, “अरे, किती छान दिसतायत!”

“वीड आहे ताई ते. पसरतं.”

“तुला काय त्रास देतंय ते?”

“लोक काय म्हणतील!”

भोर सोडून बारा हजार किलोमीटर आला, पण लोक काय म्हणतील ते बरोबर घेऊन आला. 

तर अशा या माणसाने आदल्या वर्षी, मंदीत लोकांच्या नोकऱ्या जात असताना, उत्तरेला गाडीने चार-पाच तासांवर जंगल विकत घेतलं. आपल्याकडे जंगल म्हटलं की ते सरकारचं. तिथेही पुष्कळसं सरकारचंच आहे, पण शेतीच्या आणि खऱ्या रानाच्या मधल्या पट्ट्यात माणसांच्या मालकीची जंगलं आहेत. एखाद्याचं आमराईएवढं, एखाद्याचं अख्ख्या गावाएवढं. त्यात झाडं ठेवायची का तोडायची, हे बऱ्याच अंशी मालकाच्या मनावर. मालकाचं मन म्हणजे काय चीज असते, ते मी पाहिलेलं आहे.

उत्तरेकडे

रस्त्यातलं काही सांगत नाही, रस्ता रस्त्यासारखाच होता. एका टपरीवजा दुकानात बटर टार्ट नावाचा प्रकार खाल्ला. छोट्या पुरीत गुळाच्या पाकासारखं काहीतरी भरलेलं. गोड इतकं की दात शिवशिवले, तरी दोन खाल्ले. त्यानंतर जमीन बदलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी खडक, आपल्या काळ्या कातळासारखेच, पण जणू कुणी घासून ठेवलेले. खडकांच्या खाचेत पाणी, पाण्यात काळी वाळकी खोडं, आणि मागे झाडीच झाडी. भूगोलाच्या पुस्तकातला ‘सूचिपर्णी वनांचा प्रदेश’ मी मुलांकडून घोकून घेतला होता. तो हा. आणि तिथे डास असतात हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. डासही परवडले, पण त्या काळ्या माश्या! कानामागे चावतात, आणि चावल्याचं रक्त आल्यावरच कळतं. 

वश्याचं तिथलं घर म्हणजे लाकडी दोन खोल्या. वॉशरूम बाहेर, झाडीत, मोरीएवढी. दाराला कडी नाही. मी आत असताना गाणी म्हणायचे, म्हणजे माणसांना आणि अस्वलांना दोघांनाही कळावं.

मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत वश्याने खडीचा रस्ता करून घेतला होता. वाटेत एका वळणावर तो फारच चिंचोळा. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला दलदलीचं तळं. त्या वळणावरच पुढचं सगळं घडलं, म्हणून ते नीट ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वश्याने मला जंगल दाखवायला काढलं. घरामागे शंभर पावलं गेलो आणि तो हात पसरून म्हणाला, “बघ ताई! कसं क्लीन केलंय!”

मी बघतच राहिले. आजूबाजूला ओलं, गच्च, शेवाळलेलं रान आणि मधे शाळेच्या मैदानासारखी चकाचक मोकळी जागा. खाली एक पान नाही. कडेला जळल्याचा काळा डाग.

“मराठी मंडळाची मंडळी आली होती मागच्या महिन्यात. श्रमदान! पडलेली लाकडं गोळा केली, वाळकी खोडं पाडली, पानं रेक केली, सगळं बर्न केलं. नीलिमाने सगळ्यांना पोहे दिले. आता कोजागिरी इथेच.”

आपल्या माणसाचं काय करावं सांगा! त्याला मोकळी जागा दिसली की तो ती झाडतो, आणि झाडून झाली की कंपाउंड घालतो. जंगल झाडून काढलं यांनी! मार्कहॅममध्ये कामाला बाई मिळत नाही म्हणून सगळ्यांचे हात शिवशिवत असणार.

“वश्या,” मी म्हटलं, “गावच्या देवराईतून तू क्रिकेटच्या स्टंपांसाठी तीन वाळक्या काटक्या आणल्या होत्यास. अण्णांनी काय केलं होतं?”

“परत नेऊन ठेवायला लावल्या होत्या.” अण्णा म्हणजे आमचे वडील.

“मग?”

“ती देवराई होती ताई. ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे.”

पुढे गेलो तर मोठमोठी झाडं. मेपलची, सोनेरी सालीच्या बर्चची, दोघांच्या कवेत मावणार नाहीत अशी. आणि प्रत्येकाच्या छातीवर निळ्या रंगाचा ताजा पट्टा.

“हे काय?”

“डगने मार्क केलीत. डग म्हणजे इथला टिंबरवाला. व्हेरी नाइस माणूस. फक्त मॅच्युअर झाडं काढणार आहे, लहानांना वाढायला जागा होईल. सोमवारी मशीन घेऊन येतोय.”

“मॅच्युअर म्हणजे?”

“म्हणजे... वय झालेली. तशीही मरणारच ना.”

“हो का? मग मलाही एक पट्टा ओढ. एकसष्टावं लागलंय.”

तो हसला. मला हसू येत नव्हतं. राहिलेली झाडं मी पाहत होते. वाकडी, किडकी, काठीएवढी. मसालेभातातले काजू सगळे वेचून घ्यायचे आणि वर म्हणायचं, तुमचा भात मोकळा करून दिला! आणि हा माझा भाऊ, इंजिनियर, डगला थँक्यू म्हणत होता.

वळणावरची पाहुणी

संध्याकाळी जेवणं आटोपून, नीलिमा भांडी आवरत होती तेव्हा, वश्या आणि मी खडीच्या रस्त्यावर फिरायला निघालो. जूनमध्ये तिथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. त्या चिंचोळ्या वळणावर मला वाटलं, कुणाचं हेल्मेट पडलंय. जवळ गेले तर कासव! चांगलं मोठं, उंच पाठीचं, पाठीवर पिवळे बारीक ठिपके. आणि मान वर केली तर गळा असा पिवळाधमक, की नवरी नुकतीच हळद लावून मांडवात आणली असावी. मागच्या पायांनी खडी उकरत होती. एक पाय, मग दुसरा पाय, सावकाश, हाताने पीठ चाळावं तसं.

“अगं बाई, अंडी घालतेय!” मी तिथेच उकिडवी बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. “वश्या, कॅमेरा आण!”

वश्या हलला नाही. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, याला साप दिसला.

“ताई, चल आत.”

“अरे, बघ तरी!”

“मी बघितलंय. मागच्या जूनमध्येही आली होती, इथेच. तू काही बघितलं नाहीस. कळलं? कुणालाही बोलायचं नाही. नीलिमालासुद्धा.”

“का? चोरीचं कासव आहे?”

तो माझ्या शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “रेअर आहे हे. मी नेटवर बघितलंय. इथे हे आहे असं एकदा कुणी कागदावर लिहिलं की संपलं. अण्णांचा डोंगर विसरलीस?”

आता इथे मला थांबून अण्णांच्या डोंगराचं सांगायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वश्या नुसता माथेफिरू वाटेल. 

आमच्या गावावर आमचा मालकीचा डोंगर होता. हिरडा, ऐन, जांभूळ, अंजनी. शेजारच्या डोंगरमालकांनी कोळसावाल्यांना बोलावलं, भट्ट्या लागल्या, दोन उन्हाळ्यांत डोंगर तासून काढले. अण्णांनी कुऱ्हाड लावू दिली नाही. पुढे सरकारची माणसं आली आणि जिथे झाडी दिसली तिथे सातबाऱ्यावर वनाचा शिक्का मारून गेली. शेजाऱ्यांच्या बोडक्या डोंगरांवर कशाचा शिक्का मारणार? ते सुटले. आमचा गेला. अण्णा मरेपर्यंत या कचेरीतून त्या कचेरीत खेटे घालत राहिले. आज शेजारच्या डोंगरांवर पुण्या-मुंबईकरांचे बंगले आहेत, पोहण्याचे तलाव आहेत, फाटकाला सिंहाची तोंडं आहेत. ज्याने झाडं तोडली तो कोट्यधीश, ज्याने राखली तो मूर्ख. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वश्याने त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस कॅनडात जाऊनही ताक फुंकत होता. कासव कुणी पाहण्याआधी झाडं तोडून जंगल बोडकं करून टाकायचं, म्हणजे कुणाची नजर पडायला नको! म्हणून ती सोमवारची घाई.

“अरे, पण मशीन याच रस्त्याने येणार ना?” मी विचारलं.

हळदी गळ्याची ती बाई आमच्याकडे ढुंकूनही न बघता खडी उकरत होती.

कॅरल

रविवारी सकाळी मोठ्या रस्त्यावरच्या फाटकापाशी एका जुन्या ट्रकचा हॉर्न वाजला. नीलिमा उत्साहाने म्हणाली, “आल्या!” वश्याने विचारलं, “कोण?” तेव्हा कळलं की नीलिमाने गावातल्या लायब्ररीत एक कागद चिकटवलेला पाहून परस्पर फोन केला होता. जंगलाच्या मालकांना मदत करणारी तिथली छोटीशी संस्था. येतात, तुमच्याबरोबर रानातून हिंडतात, काय राखता येईल ते सांगतात. फुकट.

“तू मला न विचारता गव्हर्नमेंटला बोलावलंस?” वश्याचा चेहरा पांढराफटक.

“गव्हर्नमेंट नाही रे. आणि एक अनोळखी माणूस येऊन तुझी झाडं तोडणार, तर एका अनोळखी बाईने बघून गेलं तर काय बिघडलं?” 

नीलिमाला मी तेव्हाच मनातल्या मनात शाबासकी दिली.

कॅरल पन्नाशीची, उंच, गमबूट चिखलाने माखलेले. मला वाटलं, ही आता त्या झाडलेल्या मैदानावर उभी राहून वश्याची चांगली हजामत करणार. आपल्याकडच्या पर्यावरणवाल्या बाई असत्या तर पोह्यांच्या बशा खाली ठेवायच्या आत भाषण सुरू झालं असतं. पण ही बाई उभी राहिली, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली काय? “खूप मेहनत घेतलीत तुम्ही.”

वश्या फुलला. मी जळले.

मग तिने त्याला विचारलं, “या जंगलात तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?”

प्रॉपर्टीची लांबी-रुंदी त्याला तोंडपाठ होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं. शेवटी म्हणाला, “सकाळी एक पक्षी गातो. बासरीसारखा. दिसत नाही.”

“तो जमिनीजवळ घरटं करतो,” कॅरल म्हणाली. “पानांत.” एवढंच. रेक केलेल्या जमिनीकडे तिने बोटसुद्धा दाखवलं नाही. पुढे रानात एक पडलेलं खोड होतं, ते तिने हलकेच उचललं. खाली निळ्या ठिपक्यांचं, पालीसारखं, पण ओलं चकचकीत एक जनावर वेटोळं करून झोपलेलं. वश्या वाकून वाकून पाहत होता. तिने खोड होतं तसंच, त्याच खळग्यात परत ठेवलं. पायाने ढकललं नाही, हाताने ठेवलं. मग निळ्या पट्ट्यांच्या झाडांपाशी आम्ही आलो. तिथे ती म्हणाली, “डग सगळ्यात चांगली झाडं नेतोय. राहतील त्यांचंच बी पुढे पडेल. थोडी नेऊनही जंगल चांगलं ठेवता येतं, कशी ते मी दाखवू शकते. पण जमीन तुमची आहे. निर्णय तुमचा.”

निर्णय तुमचा! हे वाक्य तिने दिवसभरात इतक्यांदा म्हटलं की मला ते कानात काळ्या माशीसारखं चावायला लागलं.

दुपारी मी थालीपीठं लावली. कॅरलने लोणी बाजूला सारून थालीपिठावर मेपल सिरप ओतलं. माझ्या जिवाचं पाणी झालं, पण पाहुणी होती, गप्प बसले. तिने दोन खाल्ली आणि बोटं चाटत अगदी सहज विचारलं, “तळ्यापाशी पिवळ्या गळ्याचं कासव कधी दिसलंय का? हा महिना त्यांचा अंडी घालायचा.”

वश्या म्हणाला, “नो. नेव्हर.”

कसा पटकन म्हणाला! डोळ्याची पापणी न हलवता. काल संध्याकाळी माझ्या शेजारी उकिडवा बसलेला माझा सख्खा भाऊ!

“ती फार जगतात,” कॅरल माझ्याकडे बघून म्हणाली. “अंडी घालण्याच्या वयात यायलाच कितीतरी वर्षं लागतात. एखादी मादी तुमच्याएवढ्या वयाचीही असेल. वर्षानुवर्षं त्याच जागी येते.”

मी तोंडात पदर कोंबून बसायचा प्रयत्न केला. देवाशपथ केला. पण माझ्या वयाची ती बाई, कुठल्या कुठे तळ्यातून चालत आलेली, आणि उद्या तिच्या अंड्यांवरून मशीन जाणार, आणि हा म्हणतो नेव्हर!

“शी केम येस्टरडे!” मी ओरडलेच. “ही सॉ! आय सॉ! ऑन द रोड!” आणि मग इंग्रजी संपलं. “मेल्या, अण्णांच्या पोटी जन्मलास आणि ताटावर बसून खोटं बोलतोस?”

“वन्सं!” नीलिमा म्हणाली. पण ती बघत होती नवऱ्याकडे.

वश्या उठून बाहेर निघून गेला. दार आपटलं.

मला वाटलं, आता कॅरल पेन काढेल, लिहील, फोन करेल, डगला थांबवेल. तिने चहाचा कप पुढे केला. म्हणाली, “मी हे मालकाकडून ऐकलेलं नाही.”

“अगं पण उद्या सकाळी तो माणूस मशीन घेऊन येतोय!” हे नीलिमाने इंग्रजीत सांगितलं, माझ्याहून सौम्य शब्दांत.

“मी सरकारची नाही,” कॅरल म्हणाली. “मी कुणाची जमीन घेऊ शकत नाही, कुणाला थांबवू शकत नाही. त्या कासवाला कायद्याचं संरक्षण आहे, ते मी लपवणार नाही. पण जमीन वसंतचीच राहते. मी आरडाओरडा केला तर हे फाटक मला बंद होईल, शेजारचं होईल, त्याच्या शेजारचं होईल. मग त्या फाटकांच्या आत काय मरतं ते मला कधीच कळणार नाही.”

“आणि उद्याच मेलं तर?” मी विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी पाहिलं, तरीही माझा राग गेला नाही. शहाणपणाचाही मला कधीकधी संताप येतो.

निघायच्या आधी ती फाटकापर्यंत चालत गेली, ट्रकमधून जाळी मारलेली एक लाकडी चौकट घेऊन आली आणि घरापुढच्या ओट्यावर ठेवली. रॅकून नावाची तिथली मांजराएवढी जनावरं अंडी उकरून खातात, त्यासाठी ही चौकट घरट्यावर ठेवतात म्हणे. वर ऊन लागू द्यायचं, बाजूने पिल्लांना निघायला फट. “माझ्याकडे जास्तीच्या आहेत,” ती म्हणाली. “इथे असू दे.” 

संध्याकाळी वश्या ओट्यावर त्या चौकटीशेजारी बसला होता. मी गेले. भांडायलाच गेले.

“अण्णांना शिक्षा झाली ती झाडं राखल्याची,” मी म्हटलं. “अन्याय झाला. पण ज्यांनी केला ते इथे नाहीत. म्हणून तू ती शिक्षा कासवाला देणार?”

“तू अण्णांना कचेरीच्या बाकावर बसलेलं नाही बघितलंस ताई,” तो म्हणाला. “मी जायचो डबा घेऊन. सकाळपासून बसलेले असायचे. शिपाईसुद्धा त्यांच्याकडे बघायचा नाही. मला तसं बसायचं नाही.”

शाळेत कुठल्या पोराने मला कधी निरुत्तर केलं नाही, त्या दिवशी वश्याने केलं. 

सोमवार

सकाळी उठले तर ओट्यावर चौकट नाही. चप्पल घालून, डास हाकलत वळणापर्यंत गेले. वळणावर, नेमकी त्या जागी, चौकट ठेवलेली. चारी कोपऱ्यांना गुलाबी दगड रचलेले. शेजारी फोल्डिंग खुर्ची, तीत वश्या, डोक्यावर डासांची जाळी. नवरदेव मुंडावळ्या बांधून बसावा तसा.

मी काही विचारायच्या आत डगचा मोठा ट्रक आला, मागे ट्रेलरवर पिवळं मशीन. वश्याने झटकन चौकटीवर ताडपत्री टाकली आणि धावत पुढे गेला.

“रस्ता खचलाय!” तो ओरडला. “खालून पाणी शिरलंय. एवढं वजन जाणार नाही.”

काल तिला मारायला खोटं बोलला, आज तिला वाचवायला. तेही त्याच सफाईने!

डग चांगला लालबुंद, हसतमुख. “बघू तरी,” म्हणून तो दार उघडायला लागला.

“उतरू नका!” वश्या म्हणाला. “प्रायव्हेट प्रॉपर्टी.”

मला हसू आवरेना. डगने खांदे उडवले. “मग कधी?”

“फॉलमध्ये, पानगळीला. तेव्हा मी फोन करतो.”

डग खरोखरच नाइस माणूस. आमच्यासाठी आणलेला डोनटांचा खोका खिडकीतून देऊन, ट्रेलर मोठ्या कसरतीने मागे घेत तो गेला. वश्याने ताडपत्री काढली, कारण अंड्यांना ऊन लागलं पाहिजे. एवढ्यात नीलिमाही येऊन पोचली, आणि डोनट आम्ही तिघांनी तिथेच उभ्याने खाल्ले.

“आता कॅरलला सांग,” मी म्हटलं.

“नाही.”

“अरे, चांगलं केलंस, ते तरी सांग!”

“ताई, तुला माझी शपथ आहे. जागेचं नाव कुणाला सांगायचं नाही.”

मार्कहॅमला परतताना आमची गाडी त्या वळणावरून न्यायची कशी, हा विचार कुणीच केला नव्हता. वश्याने दोन चाकं खडकावर चढवली. काहीतरी कर्रकन फाटलं. सायलेन्सर! मार्कहॅमपर्यंत आमची गाडी ट्रॅक्टरसारखी आवाज करत गेली आणि प्रत्येक सिग्नलला लोक वळून बघत होते. लोक काय म्हणतील, असं वश्या एकदाही म्हणाला नाही.

भोर

मी जुलैत परत आले. ऑक्टोबरात वश्याचा फोन आला, कॉलिंग कार्डावरून, मधे मधे तुटत.

“ताई, निघाली पिल्लं. रुपयाएवढी. मी आणि नीलिमाने बघितली, तळ्यात जाईपर्यंत.”

मी देवापुढे साखर ठेवली. मग मनात आलं ते विचारलं. “डगचा फोन आला असेल ना आता?”

“आला होता. विचारत होता, रस्ता झाला का मोकळा.”

“मग? काय सांगितलंस?”

“सांगितलं, नाही झाला अजून.”

“अरे, पण पिल्लं तर गेली ना?”

“ती गेली गं,” वश्या म्हणाला. “पण जूनमध्ये आई परत येईल ना तिथेच.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. नीलिमाला दे जरा, असं मी म्हटलं, तर म्हणाला ती बँकेत आहे, घरात मी एकटाच. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघापासून मला कान फोनला दाबून धरावा लागत होता. स्वतःच्या घरात, दार लावून, एकटा असतानाही माझा भाऊ हे सगळं मला कुजबुजत सांगत होता.